पवनचक्की येणार म्हणतायत? मग मोर्चाआधी सडा चालून या

एक दिवस गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडतो. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारावर, जाळीचा बारीक उंच खांब उभा, चारी बाजूंनी तारा ताणलेल्या आणि वर वाट्यांसारखं काहीतरी गरगर फिरतंय. कोण म्हणतं मोबाइलचा टॉवर आला, आता रेंज येणार, कोण म्हणतं हवामान खात्याचं असेल. ते विंड मास्ट असतं, वारा मोजायचा खांब, आणि तो उभा राहिला म्हणजे कुणीतरी तुमच्या सड्याचा हिशोब मांडायला घेतलाय. वर्षभर तरी वारा मोजतात, आकडे बरे आले की मग जमिनीचे एजंट पारावर चहा प्यायला यायला लागतात. म्हणजे तुमच्या हातात साधारण एक वर्ष असतं. ते कसं वापरायचं ते लिहितोय, कारण आम्ही त्यातले पहिले सहा महिने वाया घालवले.

आमचं गाव साताऱ्याच्या पाटण तालुक्यातलं, नाव मुद्दाम लिहीत नाही. आम्ही काय केलं, देवळात मीटिंग घेतली, फ्लेक्स छापला आणि सड्यावर चढून निषेध करायचा ठरवला, जुलैतला रविवार, म्हणजे मुंबई-पुण्याची मंडळी पण येतील. वर जाऊन वाट कुणीच बघितली नव्हती. सगळ्यांचं म्हणणं एकच, वाट माहितीये की, लहानपणी गुरं घेऊन जायचोच. लहानपण संपून तीस वर्षं झाली हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. सत्तरेक माणसं निघाली, अर्ध्यावर वाट कारवीत बुडालेली, पुढच्यांनी एक ढोरवाट धरली ती भलतीकडेच गेली, एका काकींचा पाय मुरगळला, आणि कसेबसे वर पोचलो तर धुकं असं की शेजारचा माणूस दिसेना, खांब तर सोडाच. धुक्याला घोषणा दिल्या आणि भिजून खाली आलो. ज्या पत्रकाराला बोलावलं होतं तो खालच्या वाडीतनंच परत गेला, बिचारा फोटो तरी कशाचा काढणार.

तेव्हापासून मी हेच सांगतोय, आधी चार जणांनी चालून या, मग शंभर जणांना न्या.

आणि एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, नाहीतर कमेंट येतील. वाऱ्याची वीज वाईट असं मी म्हणत नाही, कोळसा जाळण्यापेक्षा ती कधीही बरी. वीज नको म्हणणारी माणसं आम्ही नव्हेच, कोयनेच्या १९६० मेगावॅटसाठी इथल्या लोकांनी घरंदारं पाण्याखाली घातलीत. भांडण आहे ते कुठं आणि कसं याचं. यातली खरी गोम बऱ्याच जणांना माहीत नसते. धरणाला, खाणीला, मोठ्या कारखान्याला निदान जनसुनावणी तरी असते, पवनचक्कीला ती नाही. २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेत पवनऊर्जा प्रकल्प नाहीतच, वर २०१६ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्यांना पांढऱ्या श्रेणीत टाकलं, म्हणजे प्रदूषण जवळपास नाहीच असं धरलेले उद्योग. त्यामुळे खाजगी जमीन असेल तर तुमचा सडा, तुमचं पाणी, तुमची वाट बघायला कुणी अधिकारी वर चढून येईलच असं काही नाही. तुम्ही चाललात तर तीच पाहणी.

आधी दुसऱ्याच्या सड्यावर जाऊन या

स्वतःच्या सड्याआधी एक दिवस चाळकेवाडीला जा. साताऱ्याहून सज्जनगडाच्या अंगानं ठोसेघर, तिथून पुढं चाळकेवाडी, आणि ते पठार तसंच वनकुसवड्याकडं पसरलंय. नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून तिथं पवनचक्क्या आहेत. लोक जातात, पवनचक्कीखाली सेल्फी काढतात, भजी खातात, येतात. तुम्ही वर बघूच नका. खाली बघा. चक्कीच्या बुंध्याशी किती जागा लागली ते पावलांनी मोजा, मग दोन चक्क्यांमधला रस्ता मोजा, केबलचे चर बघा, रस्त्यानं सड्यावरचं पाणी कुठं अडलंय आणि कुठं नवीन ओघळ पडलाय ते बघा. अर्ध्या तासात लक्षात येतं की चक्की स्वतः फार जागा खात नाही, जागा खातो तो तिच्यापर्यंत जाणारा रस्ता.

त्यात ही जुनी मशीन छोटी होती, काही तर ३५० किलोवॅटची. आताची दोन-तीन मेगावॅटची असतात, पात्यांच्या चक्राचा व्यास १४० मीटरच्या आसपास, म्हणजे एकेक पातं सत्तर मीटर लांब, अखंड, ट्रेलरवर आडवं पडून येणार. आपल्या घाटातल्या वळणावर एसटीला दोनदा मागं-पुढं करावं लागतं तिथं सत्तर मीटरचं पातं कसं वळवणार? डोंगर कापून. ज्या गावात आधीच जुन्या चक्क्या आहेत त्यांनीही हे वाचावं, कारण २०२३ च्या केंद्राच्या धोरणानुसार जुन्या छोट्या चक्क्या काढून त्या जागी मोठ्या बसवायला वाट मोकळी आहे.

चाळकेवाडीचीच अजून एक गोष्ट. तिथं भारतीय शास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तो २०१८ मध्ये छापून आला. चक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी सापडले, आणि पक्षी कमी म्हणून सरडे वाढले, पण ते सरडे अंगानं खराब आणि माणूस जवळ आला तरी लवकर न पळणारे. भ्यायचं कारणच उरलं नव्हतं ना. तो सरडा म्हणजे आपला पंख्यासारखा निळा गळा फुलवणारा, त्याच्या प्रजातीचं शास्त्रीय नावच ‘सरडा’ ठेवलंय, मराठी शब्द जसाच्या तसा, आणि ही जात २०१६ मध्ये नव्याने नोंदली गेली. मला ही गोष्ट जाम आवडते. पण ग्रामसभेत सरड्यापासून सुरुवात करू नका, लोक हसतात. पाण्यापासून सुरुवात करा.

घरी बसून करायचं काम

हे कंटाळवाणं आहे पण याच्याशिवाय वर गेलात तर नुसता ट्रेक होईल. भूमी अभिलेखकडून गावाचा नकाशा घ्या, ऑनलाइन पण दिसतो, पण प्रत काढलेली बरी कारण वर रेंज नसते. त्या नकाशात पायवाट तुटक एकेरी रेघेनं दाखवलेली असते आणि गाडीवाट तुटक दुहेरी रेघेनं. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात, गाडीमार्गाची साडेसोळा ते एकवीस. ही तुटक रेघ म्हणजे तुमचं सोनं आहे. आज वाट कारवीत गेली असेल, पण नकाशात रेघ असेल तर ती वाट आहेच, आणि उद्या तिच्यावर कुणी फाटक लावलं तर तहसीलदाराकडं दाद मागता येते, मामलेदार कोर्ट कायदा १९०६ चा आहे तरी आजही चालतो. तलाठ्याकडं वाजिब-उल-अर्ज नावाचा कागद पण विचारा, गावाचे रूढीचे हक्क त्यात लिहिलेले असतात, पाणवठा, चराई, वाट. तलाठी आधी म्हणतील असं काही नसतं. दोनदा विचारा.

त्यावर सर्व्हे ऑफ इंडियाचा टोपोशीट, म्हणजे डोंगराचे चढ-उतार दाखवणारा नकाशा, तो त्यांच्या नकाशे पोर्टलवरनं फुकट उतरवता येतो. आणि प्रकल्पात वनजमीन येत असेल तर केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर कंपनीचा अर्ज बघायला मिळतो, त्याच्यासोबत जागेची केएमएल फाइल जोडलेली असते. ती फाइल मोबाइलमध्ये उघडली की हद्द थेट नकाशावर दिसते, तुम्ही सड्यावर उभे असाल तर कळतं की आत्ता मी त्यांच्या प्रस्तावित रस्त्यावर उभाय. आमच्याकडच्या एका बारावीच्या पोरीनं हे पाच मिनिटांत केलं, आम्ही बाप्ये महिनाभर माहिती अधिकाराचा अर्ज लिहीत बसलो होतो. अर्थात तो अर्जही टाकाच, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत, तीस दिवसांत उत्तर. ग्रामपंचायतीने ना हरकत दाखला दिलाय का, हा पहिला प्रश्न. बऱ्याचदा दिलेला असतो आणि सरपंच सोडून कुणालाच माहीत नसतं.

सोबत कोण

चार-पाच जण पुरे. त्यातला एक गुराखी किंवा धनगरवाड्यावरचा माणूस पाहिजेच पाहिजे, हा माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. ट्रेकर पोरं सोबत असू देत, त्यांच्याकडं ॲप असतात, दम असतो, पण वाट ज्याच्या पायात आहे तोच वेगळा. आम्ही दुसऱ्यांदा गेलो तेव्हा वाड्यावरच्या बाबूमामाला घेऊन गेलो (नाव बदललंय). मी मोबाइल काढून दाखवत होतो की इथं झरा दाखवतोय बघा मामा, तर म्हणाला, "त्यो झरा नव्हं रं, ती पानसळ. मार्गशीर्षात सुकती. झरा त्या जांभळीखाली हाय, त्येला मे म्हैन्यात बी पानी." जांभळीखाली गेलो तर खरंच होतं, ओंजळभर, पण गार. आणि तो झरा कंपनीच्या रस्त्याच्या आखणीपासून साठ-सत्तर पावलांवर निघाला. त्या एका झऱ्यावर खाली दोन वाड्या पितात. आमच्या सगळ्या निवेदनांमध्ये जेवढा दम नव्हता तेवढा त्या जांभळीखाली निघाला.

बायकांना पण न्या. लाकूडफाटा, करवंदं, रानभाज्या कुठं हे त्यांनाच माहीत असतं, आणि पाणी कुठल्या महिन्यात किती खाली जातं हे तर फक्त त्यांनाच.

वर काय टिपायचं

एक जण चालत जीपीएस ट्रॅक चालू ठेवेल, एक जण फोटो, एक जण वहीत लिहील. वही पाहिजेच, मोबाइल वाऱ्यात आणि पावसात दगा देतो. फोटो काढायचा ॲप असा घ्या की फोटोवर तारीख आणि अक्षांश-रेखांश उमटतात. प्रत्येक ठिकाणाचे दोन फोटो, एक जवळनं आणि एक लांबून, मागं ओळखीचा डोंगर येईल असा. नुसत्या झऱ्याचा जवळनं काढलेला फोटो कुठल्याही डोंगरातला असू शकतो, साहेब लोक हेच म्हणतात.

पाणी सगळ्यात आधी. झरे, टाकी, सड्यावरची उथळ डबकी. मग जिथं जिथं वाट फुटते ती जागा. मग देवाची ठिकाणं, म्हसोबाचा शेंदूर लावलेला दगड, देवराई, वीरगळ, पुरलेल्या माणसांच्या जागा. हे भावनिक म्हणून नाही सांगत, वनहक्क कायद्याच्या नियमांमध्ये विहिरी, दफनभूमी आणि पवित्र जागा हे पुरावे म्हणून स्पष्ट लिहिलेत, आणि म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब पण पुरावा धरला जातो. म्हणून बाबूमामासारखा माणूस वर जे जे बोलतो ते तिथंच लिहून घ्या आणि खाली आल्यावर अंगठा किंवा सही. गावाने सामूहिक वनहक्काचा दावा केला नसेल तर याच चालण्यातनं त्याची पण तयारी होते.

आता रस्ता. स्वतःला ट्रेलरचा ड्रायव्हर समजा. खालच्या डांबरी रस्त्यावरनं सत्तर मीटरचं पातं घेऊन तुम्हाला वर यायचंय, डोंगराची कुठली सोंड धराल? साधारणपणे एकच सोंड असते जिथनं हे जमू शकतं, आणि बहुतेक वेळा तीच तुमची जुनी वाट पण असते, कारण आज्या-पणज्यांनी पण सोपा चढच शोधला होता ना. त्या सोंडेवर हळू चाला. माती कुठं भुसभुशीत, कुठं पाणी झिरपतंय, कुठं जमिनीला भेगा, कुठं झाडं तिरकी झालीत, आणि बरोबर खाली कुणाची घरं. जुलै २०२१ मध्ये आमच्याच तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी आल्या, माणसं गाडली गेली. तिथं काही पवनचक्कीचा रस्ता नव्हता, उगाच तसं कुणी ठोकून देऊ नका, पण आमचे डोंगर किती भरवशाचे आहेत हे सांगायला तेवढं पुरे आहे. उतार कापला की राडारोडा कुठं टाकणार हा प्रश्न विचारा, उत्तर बहुतेक वेळा "खाली" असं असतं. भीमाशंकरच्या शेजारी खेड तालुक्यात असा प्रकल्प झाला, त्याबद्दल पश्चिम घाटासाठी नेमलेल्या गाडगीळ समितीच्या २०११ च्या अहवालात हेच लिहिलंय, निकृष्ट रस्ते, माती-दगड खालच्या शेतात आणि ओढ्यात, आणि वर लोकांना पिढ्यानपिढ्याच्या डोंगरावर जायला अडवणूक. शेकरूचं जंगल ते. खालच्या वन अधिकाऱ्याने नको म्हटलं होतं, वरच्यांनी मंजूर केलं. हा अहवाल वाचा, निदान ते पान तरी.

मग अंतरं मोजा. केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये राहत्या घरापासून ५०० मीटर अंतर सांगितलंय, आवाजासाठी. आणि सार्वजनिक रस्ता, इमारत वगैरेपासून चक्कीच्या हबची, म्हणजे पाती जिथं जोडलेली असतात त्या मध्याची, उंची अधिक पात्यांच्या चक्राचा अर्धा व्यास अधिक ५ मीटर. समजा हब १४० मीटरवर आणि व्यास १४४, तर १४० अधिक ७२ अधिक ५, झाले २१७ मीटर. धनगरवाडा हा राहतं घर आहे की नाही यावर खूप वेळा कागदावर गडबड असते, सहा महिने वर आणि सहा महिने खाली राहणारी माणसं, त्यांचा वाडा नकाशात नसतोच. म्हणून प्रत्येक वाड्याचा, प्रत्येक खोपटाचा फोटो आणि जागा टिपा, चूल, गोठा, तुळस काय असेल ते.

कधी जायचं

निदान तीनदा. मेच्या शेवटी, वळवाच्या आधी, म्हणजे खरं बारमाही पाणी कुठलं ते कळतं. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, सडा फुलतो तेव्हा, कारण गेंद, सीतेची आसवं, कवला, खरचुडी यांचे फोटो तेव्हाच मिळतात, आणि डबक्यात वायतुरा सापडला तर लगेच कुणा वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकाला दाखवा, साताऱ्याच्या पठारांवर सापडणारा तो, त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. आणि नोव्हेंबर-डिसेंबरात, गवत वाळून वाटा उघड्या पडतात तेव्हा, मोर्चाची वाट ठरवायला हाच काळ. जून ते ऑगस्ट नको. कंपनीला सड्यावर जो वारा पाहिजे असतो तो नेमका त्याच महिन्यांतला, तो तुम्हाला उभं राहू देत नाही. एकदा छत्री उघडली होती मी, ती कोकणात गेली.

सप्टेंबरात जाल तर एका ओळीत चाला, मळलेल्या वाटेवरनंच. जांभ्यावर इंचभर माती असते, तिच्यात हे सगळं उगवतं. कास पठारावर दिवसाला ३००० माणसांची मर्यादा उगाच घातलेली नाही. फुलं वाचवायचा मोर्चा फुलांवरनं गेला तर समोरच्या पार्टीला फोटो काढायला आयताच चान्स.

धोक्यांचं थोडक्यात सांगतो. दगड उचलू नका, फुरसं असतं. कड्याच्या बाजूला आग्या मोहोळ कुठं कुठं आहेत ते बघून नकाशावर मोठ्ठं लिहा, चार माणसं गुपचूप निघून जातात पण शंभर माणसं, घोषणा, हलगी, कुणाची तरी बिडी आणि सेंट, मधमाश्या उठल्या की मोर्चा संपला. मोहोळ असेल तर ती वाट मोर्चासाठी रद्द, चर्चा नको. मेमध्ये आणि ऑक्टोबरात दुपारनंतर विजा, सड्यावर तुम्हीच सगळ्यात उंच असता, एक वाजेपर्यंत खाली. कोयनेच्या अंगाला गवा आणि अस्वल, पहाटे एकटं फिरायचं नाही. आणि अभयारण्याची हद्द कुठं सुरू होते ते आधी बघा, कोयना अभयारण्य १९८५ पासून आहे, आत परवानगीशिवाय पाय टाकला तर वनखातं गुन्हा दाखल करतं, आणि मग बातमी तुमच्या गुन्ह्याची होते. ड्रोनची हौस पण जरा जपून, त्याचे वेगळे नियम आहेत.

मोर्चाची वाट आता ठरवा

चार माणसांना जिथं दीड तास लागला तिथं शंभरांना तीन लागतात, हे धरूनच चाला. आम्ही तिसऱ्या वेळी मुद्दाम पासष्टीच्या एका काकांना आणि एका लेकुरवाळीला सोबत घेतलं, त्यांच्या वेगानं चाललो, ते जिथं जिथं बसले तिथं खूण केली. त्या खुणा म्हणजे पाण्याचे कॅन ठेवायच्या जागा. एक जागा अशी ठरवा की ज्यांना पुढं जमणार नाही त्यांनी तिथंच थांबायचं आणि तिथंच त्यांची पण सभा, भाषण तिथंही झालं पाहिजे, नाहीतर म्हाताऱ्या माणसांना वाटतं आपल्याला मागं टाकलं. वर सभेची जागा निवडताना सड्याचा मध्य नको, वारा आवाज घेऊन जातो, माइकचा उपयोग नाही. एखाद्या खोलगटीला, आडोशाला. आणि फोटोसाठी अशी जागा की माणसं, वारा मोजायचा खांब आणि खालची वाडी तिन्ही एका चौकटीत येतील. आम्हाला अशी जागा तिसऱ्या फेरीत सापडली, सकाळी नऊ ते साडेदहा तिथं ऊन बरोबर पडतं.

रेंज कुठं येते त्या दोन-तीन जागा शोधून ठेवा. जीप किंवा ट्रॅक्टर जास्तीत जास्त कुठपर्यंत येतो, झोळीतनं माणूस उतरवायचा झाला तर कुठल्या नाळेनं (डोंगरातली अरुंद घळ), जवळचं आरोग्य केंद्र किती लांब. सर्पदंशाची लस तिथं आहे का हे आधी जाऊन विचारा, फोनवर नाही, जाऊन.

वाट कुणाच्या मालकीतनं जाते तेही बघा, आणि त्याला आधी भेटा. इथं एक नाजूक गोष्ट आहे. वर ज्यांच्या जमिनी आहेत त्यातल्या काहींनी विसार घेतलेला असतो. पोरीचं लग्न, आजारपण, सड्यावरच्या नाचणी-वरईत किती पिकणार, त्यांचं चुकतंय असं मला नाही वाटत. त्यांच्याशी भांडू नका. आमच्यातल्या एकाने भर पारावर अशा एका दादाला "गाव विकलं" म्हटलं, तो दादा आजही आमच्या मीटिंगला येत नाही, आणि मधल्या नाळेची वाट त्याच्याच बांधावरनं जाते. आता आम्हाला पाऊण तासाचा वळसा पडतो. एका शब्दाला पाऊण तास!

वाटेत कंपनीचा वॉचमन भेटला तर तो बहुतेक शेजारच्याच गावचा कुणाचा तरी भाचा असतो. रामराम करा, कुठून आलात कुठं चाललात सांगा, नकाशावरची तुटक रेघ दाखवा. अडवलं तर शांतपणे व्हिडिओ, तारीख-वेळ बोलून, आणि परत फिरा. मास्टच्या तारांना, खुंट्यांना हात लावायचा नाही, पोरांना दहादा सांगा, सर्व्हेचे दगड उपटायचे नाहीत. एक दगड हलला की तुमच्या झऱ्याचा विषय मागं पडून तोडफोडीचा विषय पुढं येतो.

पोलिस स्टेशनला आठ दिवस आधी पत्र, मार्ग, वेळ, अंदाजे माणसं, जबाबदार तीन जणांची नावं, पोच घ्या. जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा जमावबंदी आदेश बऱ्याचदा लागूच असतो, त्यामुळे परवानगी हा शब्द पत्रात असलेला बरा.

खाली आल्यावर

त्याच रात्री फोटो दुसऱ्या दोघांच्या मोबाइलमध्ये टाका. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटोतली जागेची माहिती उडते, आमचे पहिल्या फेरीचे सगळे फोटो असेच निरुपयोगी झाले. मग एकाच कागदावर नकाशा काढा, हातानं काढला तरी चालेल, झरे निळे, वाटा लाल, कंपनीचा रस्ता काळा. जाड फाइल कुणी उघडत नाही, एक पानाचा नकाशा प्रांत साहेबांनी पण दोन मिनिटं बघितला. तो घेऊन ग्रामसभेला जा, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या चार तर होतातच, आणि ठराव लिहिताना "गावाचा विरोध आहे" एवढंच नको, कुठल्या गटातला कुठला झरा, कुठली वाट, किती मीटरवर हे आकड्यांत लिहायला लावा. ग्रामसेवक थोडक्यात उरकायला बघतील, त्यांच्या शेजारी बसा.

आमच्या मोर्चाची तारीख आता डिसेंबरातली ठरलीये, सकाळी साडेसहाला देवळापासून, वर नऊपर्यंत. खांब अजून उभा आहे. बाबूमामाच्या म्हशी त्याच्या तारांना पाठ घासतात म्हणे, वॉचमनने दोनदा हाकलल्या, पण त्यांना कुठं माहितीये जमावबंदी.